कालचा शाहूकाळातला एपिसोड बघितला का? (पाटीवरचं साल सोडून बोला)

तिकटीवरची_ताई
काल रात्रीचा महाएपिसोड बघितला का कोणी, तो सगळा फ्लॅशबॅकवाला? मी हसून हसून खालीच बसलो. आई, मी आणि लेक तिघी टीव्हीपुढं, आईनं भाकरीचं पीठ मळायचं अर्ध्यात टाकलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन येऊन बसली ते शेवटपर्यंत उठलीच न्हाई. ज्यांचा चुकला त्यांच्यासाठी सांगतो. खानावळीची नवी पाटी रंगवायला रंगारी आलाय आणि दोघं भाऊ भांडालेत की 'स्थापना' म्हणून कुठलं साल टाकायचं. थोरला म्हणतोय आपलं दुकान शाहू महाराजांच्या काळातलं, धाकटा म्हणतोय पुरावा दाखव. मग आज्जी सुपारी कातरत कातरत सुरू होते आणि आपण डायरेक्ट शंभर वर्षं मागं, आणि तिथं सगळी हीच माणसं! थोरलाच पणजोबा, धाकटा त्याचा कामचुकार मेव्हणा, वहिनी ती पणजी, आणि रोज भाडं मागायला येणारा घरमालक तोच तिथं सावकार. सावकार दारात आला आणि पहिला शब्द काय तर "भाडं?" लेक सोफ्यावरनं खाली आली.
पणजोबाच्या टपरीतला चहा इतका बेकार की कुत्रं पण बशी हुंगून पुढं जातंय. गिऱ्हाईक एक न्हाई. आणि एक दिवस महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, येऊन दारात थांबतोय. पुढचं सांगत न्हाई. तुम्हाला कसा वाटला बोला.

रस्सामंडळ
नाद खुळा. मेव्हण्याचा फेटा सुटलाय, एक टोक ह्याच्या हातात आणि दुसरं म्हशीच्या शिंगात, म्हस निघाली पंचगंगेला आणि हा मागनं गुंडाळत गुंडाळत पळालाय, तिथं माझा चहा नाकातनं आला. म्हशीला बक्षीस द्या कुठलं तरी.

खासबाग_कट्टा
हसलो मीही, नाही म्हणत नाही. पण ती पाटी. शेवटच्या शॉटला रंगारी ब्रश खाली ठेवतो, कॅमेरा वर जातो, 'स्थापना १९२४'. अहो, महाराज गेले ६ मे १९२२ ला. म्हणजे महाराज जाऊन दोन वर्षं झाल्यावर जे दुकान निघालं तिथं महाराज चहा पिऊन गेले. तेवढी माणसं युनिटात, एकालाही बोटं मोजावीशी वाटली नाहीत? ताईंनी शीर्षकात आधीच हात जोडलेत तरी मला राहवत नाही.
आणि सावकाराच्या तळहातावर ठेवलेलं नाणं थांबवून बघा. कडा नागमोडी. ते दहा पैशाचं आहे. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै असा हिशेब होता, आमच्या वडिलांना शेवटपर्यंत भाजीचा भाव आण्यातच कळायचा.

रस्सामंडळ
काका तुमी थांबवून थांबवून बघताय व्हय? आमच्यात रिमोट आज्जीकडं असतोय, जाहिरातीत पण बदलू देत न्हाई.

पुण्यात_अडकलेला
काका नाण्यावर गेले, मी ग्लासवर थांबलो. पणजोबा चहा देतोय तो स्टीलच्या ग्लासात, चकाचक, वर लग्नातल्या भांड्यासारखं नाव कोरलेलं. स्टील आपल्याकडं घराघरात आलं ते स्वातंत्र्यानंतर. तेव्हा पितळ, कल्हई केलेलं, नाहीतर चिनीमातीची कपबशी. बरं पुढच्याच सीनला महाराजांना मात्र कपबशी! म्हणजे मागवली होती, एकच आली असणार.
पण खरा त्रास भाषेचा झाला भावा. वाक्याच्या शेवटी 'रं' लावला की झालं कोल्हापुरी? तासाभरात एकदाही 'करालाय', 'बोलालाय', 'जेवालोय' ऐकलं नाही. मी हिंजवडीत आठ वर्षं काढलीत, ऑफिसात माझ्या तोंडून 'काय करालाईस' निघालं की अजून लोक वळून बघतात, आणि इथं कोल्हापूरचा पणजोबा 'काय करतोयस रं' म्हणतोय.

सदाशिवी_पाहुणी
मी पुण्याची, मला भाग खूप आवडला, भाषेतलं तुम्ही म्हणता ते कळलं नाही हे खरं. एक विचारू का? धागा काढणाऱ्या ताई लिहितात 'मी हसून हसून खाली बसलो'. टायपिंगची चूक आहे की तुम्ही ताई नाही आहात? राग मानू नका.

तिकटीवरची_ताई
राग कशाचा. ताईच आहे ओ मी. आमच्यात बायका पण 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणतात. माझी आज्जी, आई, मी, सगळ्या. लेक आता शाळेत जाऊन 'मी आले, मी गेले' करालीया तर आई तिला म्हणते काय गं पुण्याला दिलीया काय तुला. आणि बघा की, ह्यावर एवढा विनोद झाला असता! कोल्हापूरची पणजी आणि अख्ख्या एपिसोडभर ती 'मी आले हं' म्हणत दारातनं बाहेर येतीया. आईनं तेवढ्यावरनं ओळखलं, म्हणाली ही पोरगी इथली न्हाई.

सदाशिवी_पाहुणी
अगदीच नवीन माहिती. आता पुन्हा बघताना कान तिकडेच जाणार.

लाईट_ऑफ_करा
मी या लाईनीत आहे, या मालिकेवर नाही. बाहेरून वाटतं तेवढं सोपं नसतं म्हणून लिहितो. रोजच्या मालिकेत फ्लॅशबॅकचा भाग म्हणजे सगळ्यांच्या पोटात गोळा. रोजचा सेट उभा असतो, कपडे ठरलेले असतात, बँक कमी असते म्हणजे पुढचे शूट झालेले भाग हातात दोन-तीनच. त्यात एक दिवस चॅनलचा फोन येतो की रविवारी तासाचा भाग द्या, काहीतरी स्पेशल. मग ड्रेपरी भाड्यानं, फेटेवाला एकच आणि डोकी वीस, कला विभागाच्या पोराला यादी मिळते आदल्या रात्री नऊला. पितळी पेले लिहिलेले असतात, गाडीतून उतरतात स्टीलचे. डायरेक्टर म्हणतो घे, लांबून दिसत नाही. आणि मग तुमच्यासारखे काका ४के टीव्हीवर थांबवून बघतात. तुमचं चुकत नाही, फक्त त्या पोराला शिव्या घालू नका, त्याला त्या महिन्याचे पैसे अजून आले नसतील.

खासबाग_कट्टा
पोराला कशाला शिव्या घालीन. आणि कौतुकाचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा नुसता उणं काढतो. मास्तर आले की मेव्हणा पोराला धान्याच्या कणगीत लपवतो, तो सीन नीट अभ्यास करून लिहिलाय. १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया! मेव्हणा कणगीवर बसून म्हणतो ना, "पोरगं न्हाईच आमास्नी, हिशेब करून बघा रुपयाला परवडंल का", ते मला फार आवडलं. विनोदही झाला, कायदाही कळला, कुणी भाषण ठोकलं नाही.
फक्त मग दुकान १९१७ नंतरचं आणि १९२२ च्या आतलं धरावं लागतं. म्हणून म्हणतो पाटी.

रस्सामंडळ
काकांना पाटीनं झोप लागली न्हाई वाटतं.

पुण्यात_अडकलेला
मला पॅलेस थिएटरचा सीन लागला एकदम. पणजी हट्ट करते संगीत नाटक बघायचंय म्हणून, आणि मागं पडद्यावर थिएटरचा जुना फोटो. १९१५ साली महाराजांनी बांधलेलं. पुढं केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पुण्यात बसून मोबाईलवर ते जळताना बघितलंय मी, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाळेच्या गॅदरिंगला मी तिथं स्टेजवर झाड झालो होतो, फक्त झाड, एक वाक्य नाही. तरी काल तो फोटो आल्यावर घशात काहीतरी आलं, आणि नेमकं तेव्हाच मेव्हण्यानं शेंगा फोडल्या. टायमिंगला मानलं.

बोर्डावरचा_सोंगाड्या
स्टीलचा ग्लास, नाणं, एवढं मनावर घेताय त्यावर बोलतो जरा. मी हौशी वगात कामं केलीत, जत्रेला, गावोगाव. वगात राजा असतोय, प्रधान असतोय, आणि शिपाई दरबारात येऊन म्हणतोय महाराज, नेटवर्क न्हाई म्हणून निरोपाला उशीर झाला. कुठला राजा, कुठलं साल, काय विचारायचं न्हाई. बतावणीची मजाच ती की आजचं दुखणं कालच्या राजाच्या तोंडावर बोलायचं. पब्लिकला ठावं असतंय आणि आपल्याला ठावं असतंय की त्यांना ठावं हाय. त्यामुळं काळ चुकला म्हणून एपिसोड वाईट हे मला पटत न्हाई.
पण फरक एक हाय. आमी काळ मोडतो तो मुद्दाम मोडतो, मोडल्यावर पब्लिककडं बघतो. ह्यांनी स्टीलचा ग्लास मुद्दाम ठेवला असता तर मेव्हण्यानं म्हणायला पाहिजे होतं "दाजी, ह्यो अजून निघाला न्हाई बाजारात". टाळ्या पडल्या असत्या. ह्यांचा नुसता राहून गेलाय.

तिकटीवरची_ताई
वा! हे लाईट_ऑफ_करा दादांच्या त्या कला विभागाच्या पोराला कळवा कोणीतरी.

हातकणंगले_लोकल
उशिरा आलो धाग्यावर. सगळं वाचलं. म्हस, फेटा, नाणं, ग्लास, भाषा, सगळं झालं, आणि मुख्य गोष्टीवर कोणीच आलं नाही म्हणून लिहितोय. शाहू महाराज खडखडा थांबवून एका साध्या माणसाच्या हॉटेलात चहा प्यायचे, ही गोष्ट मालिकेच्या लेखकानं डोक्यातनं काढलेली नाही. ती घडलेली आहे. त्या माणसाचं नाव गंगाराम कांबळे. हॉटेलचं नाव 'सत्यसुधारक', भाऊसिंगजी रोडला होतं.
गंगाराम कांबळे महाराजांच्या पदरी नोकरीला होते, पागेकडं. तिथल्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं बरोबरच्या लोकांनी. पाठ फोडली. महाराजांच्या कानावर गेलं, मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली आणि गंगारामना सांगितलं की चाकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. वर भांडवल दिलं. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. आता अस्पृश्याच्या हातचा चहा त्या काळात कोण पिणार? हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, आणि माणूस फिरकेना. हे महाराजांना कळल्यावर ते खडखडा घेऊन दारात यायला लागले, रस्त्यावरनंच मोठ्यानं चहा मागायचे, सगळ्यांच्या देखत प्यायचे आणि गाडीतल्या बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजायचे.
आता मालिकेत काय केलंय बघा. गिऱ्हाईक का येत नाही? तर चहा बेकार आहे म्हणून. महाराज येऊन काय करतात? चहात वेलदोडा टाक म्हणून सांगतात. आणि मग गर्दी. म्हणजे गोष्ट तीच, गाडी तीच, चहा तोच, फक्त ज्याच्यासाठी महाराज थांबले तेवढंच काढून घेतलं आणि तिथं वेलदोडा ठेवला.

रस्सामंडळ
भावा मला हे म्हाईतच नव्हतं. शपथ. शाळेत एवढं शाहू महाराज शाहू महाराज केलं, २६ जूनला मिरवणुकीत लेझीम खेळलोय दरवर्षी, कोणी सांगितलं न्हाई.

पुण्यात_अडकलेला
मला माहीत होतं आणि काल बघताना डोक्यात आलंच नाही, मी ग्लास बघत बसलो. हे जास्त वाईट.
पण लेखकाच्या बाजूनं एक बोलू का? रात्री साडेआठला घरातले सगळे जेवत बघतात असली मालिका, तिथं पाठ फोडल्याचा सीन घातला असता तर कॉमेडी कुठं राहते? कदाचित म्हणूनच टाळलं असेल. अर्धवट करून माती करण्यापेक्षा न केलेलं बरं.

हातकणंगले_लोकल
टाळायचं तर अख्खी गोष्टच टाळायची. खडखडा घ्यायचा, कपबशी घ्यायची आणि गंगाराम तेवढे सोडायचे, ह्याला टाळणं नाही म्हणत. आणि मी कुठं म्हणतोय मारहाण दाखवा? खासबागवाल्या काकांनी वर लिहिलंय की शाळेचा दंड कणगीच्या विनोदात बसला, भाषण लागलं नाही. तसंच हेही बसलं असतं, उलट जास्त बसलं असतं. डोळ्यापुढं आणा. भर रस्त्यात छत्रपती गाडीतनं ओरडून चहा मागतोय, आणि त्याच गाडीत मानकरी, दरबारी बसलेत, ज्यांना हा चहा घशाखाली उतरवायचा नाही आणि नको म्हणायची पण सोय नाही. कपाळाला आठ्या, हातात कपबशी, मालक पितोय म्हणजे आपण प्यायलाच पाहिजे. एकजण फुंकर मारत बसलाय की निवेपर्यंत तरी वेळ जाईल. दुसरा बशीत ओतून मिशीला लावल्यासारखं करतोय. ह्याच्यापेक्षा विनोदी सीन कुठल्या लेखकाला सुचणार? आयता समोर होता. ह्यांनी म्हस आणली.

बोर्डावरचा_सोंगाड्या
फुंकर मारणारा मानकरी. दंडवत घ्या. हा सीन मी यंदाच्या वगात घालणार, नाव तुमचं सांगून.

हातकणंगले_लोकल
माझं नको, गंगाराम कांबळ्यांचं सांगा.
एक घरातलं सांगतो आणि थांबतो. आमच्या गावात एक हॉटेल होतं, त्याच्या वळचणीला कान तुटलेला कप खोचलेला असायचा. आमचा आज्जा सांगायचा, तो कप आपणच काढायचा, पुढं धरायचा, वरनं चहा ओतला जायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत वळचणीला खोचायचा. पैसे मात्र बाकीच्यांएवढेच. १९१९ सालीच महाराजांनी हुकूम काढले होते की सार्वजनिक ठिकाणी, दवाखान्यात, शाळेत शिवाशिव पाळायची नाही, आणि १९२० ला आमच्याच तालुक्यात माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष, महाराज स्वतः आले. आज्जाचं सगळं ह्याच्या कितीतरी नंतरचं, म्हणजे हुकूम निघाले तरी कप वळचणीलाच होता. म्हणून काल महाराजांच्या हातात कप दिसल्यावर मला एकदम वाटलं आता येतंय, आता येतंय. आणि वेलदोडा आला.

सदाशिवी_पाहुणी
वाचून गप्प झाले. मला काल तो वेलदोड्याचा विनोद फार आवडला होता. आता काय लिहावं कळत नाही, पण लिहिलंत ते बरं केलंत.

लाईट_ऑफ_करा
आतली एक शक्यता सांगतो, समर्थन म्हणून नाही. बऱ्याचदा लेखकाच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये असतं. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं 'सेन्सिटिव्ह आहे, सॉफ्ट करू या'. सॉफ्ट करता करता चहा बेकार होतो. इथं तसं झालं का मला माहीत नाही, पण झालेलं मी बघितलंय.

खासबाग_कट्टा
हातकणंगले_लोकल, तुमच्यापुढं माझी नाणी आणि पाटी फार किरकोळ. मला गंगाराम कांबळ्यांचं पूर्ण माहीत आहे, या विषयावर मी कट्ट्यावर तास तास बोलतो, आणि धाग्यावर पहिलं काय लिहिलं तर १९२४. खुर्चीवर बसून दशमान पद्धत सांगत होतो. असो. एक बरं केलं त्यांनी, महाराजांचा चेहरा नाही दाखवला, नुसता हात आणि आवाज. पण हातही चुकला. महाराज धिप्पाड गडी, स्वतः कुस्ती केलेले, खासबागचं मैदान बांधणारे. कालचा हात परीक्षेचे पेपर तपासणाऱ्याचा होता.

रस्सामंडळ
काका परत नाण्यावर आला बघा.

तिकटीवरची_ताई
धागा काढला तेव्हा वाटलं नव्हतं इथवर येईल. आज सकाळी आईला भाकऱ्या करताना हातकणंगले दादांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, हौद, मार, हॉटेल, खडखडा, वळचणीचा कप. ती काय बोलली न्हाई, भाकरी थापत राहिली. काल सगळ्यात जास्त तीच हसली होती, वेलदोडा टाकल्यावर तर टाळी दिली होती मला. तव्यावरची भाकरी उलथली आणि म्हणाली, "म्हणजे चहा पहिल्यापासनं चांगलाच होता की गं."